नवऱ्याचा रिपोर्ट

मुंबई-पुण्याकडून येणारी गाडी मथुरा सोडून फरिदाबादच्या पुढे रेंगाळू लागली की खिडकीतून भिंती वाचायला मिळतात. चुन्याच्या पांढऱ्यावर निळी-लाल जाड अक्षरं: ‘निःसंतान दंपती मिलें’, ‘मर्दाना कमज़ोरी’, ‘निल शुक्राणु का शर्तिया इलाज’. खाली कुणा हकीमसाहेबांचा नाहीतर वैद्यजींचा मोबाइल नंबर. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षं झाली, कायदा पुस्तकात आहे आणि रंग भिंतीवर.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घरात न बोललं जाणारं’ असा विषय काढला, तेव्हा या भिंतींची आठवण होणं साहजिक होतं. कारण मूल न होण्याबद्दल पुरुषाशी थेट बोलणारी दिल्लीतली ही जवळजवळ एकमेव जागा. दक्षिण दिल्लीपासून नोएडा-गुरुग्रामपर्यंत उभ्या राहिलेल्या आयव्हीएफ केंद्रांच्या फलकांवर हसऱ्या बाया असतात, गुबगुबीत बाळं असतात. नवरा असलाच तर मागे, खांद्यावर हात ठेवून. प्रत्यक्षातला क्रमही तोच. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली की सासू सुनेला घेऊन ‘लेडी डॉक्टर’कडे जाते. सोनोग्राफी होते, थायरॉइड तपासलं जातं, गर्भनलिकेत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला जातो, क्वचित पोटाला भोकं पाडून दुर्बीणही आत जाते. आणि मग केव्हातरी कुणीतरी म्हणतं, नवऱ्याचा रिपोर्ट कुठाय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगातल्या सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते. अशा जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीनं असतं. म्हणजे पहिली तपासणी कुणाची करायची हा नाणेफेकीचा प्रश्न आहे. त्यातही एका बाजूची तपासणी दुखरी, महागडी आणि अनेक दिवसांची. दुसरीला अर्धा तास आणि काही शे रुपये लागतात. तरी निवड नेमकी उलटी होते.

बाटलीवरचं नाव

मुनिरक्यात बाबा गंगनाथ मार्गावर राष्ट्रीय आरोग्य व परिवार कल्याण संस्था आहे. तिच्या नावातल्या ‘परिवार कल्याण’चा सरकारी अर्थ अनेक दशकं मुलं कमी होऊ देणं असाच होता, तिथेच मूल न होणाऱ्यांसाठीचं क्लिनिकही चालतं. संस्थेचं जन्मवर्ष १९७७. त्याच्या आदल्या वर्षी या शहरात काय झालं ते जुन्या दिल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. जामा मशिदीजवळच्या दुजाना हाऊसमधलं नसबंदीचं शिबिर, एप्रिलमधलं तुर्कमान गेट, आणि यमुनेपारच्या वसाहतींत नसबंदीचा दाखला दाखवून मिळणारे प्लॉट. मानववंशशास्त्रज्ञ एमा टार्लो यांनी ‘वेलकम’ नावाच्या अशाच एका वसाहतीची कागदपत्रं चाळून आणीबाणीवर आख्खं पुस्तक लिहिलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यात बहुसंख्य पुरुष होते. आज पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के आहे. सरकारी दवाखान्यात ‘त्या’ भागाची तपासणी करून घ्यायला पुरुष का बिचकतो, याचं एक उत्तर या आकड्यांच्या मधे कुठेतरी असावं.

तपासणी तशी साधी. दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. प्रयोगशाळेत एक रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली देतात, तिच्यावर नाव आणि वेळ. सरकारी ठिकाणी ‘कलेक्शन रूम’ म्हणजे पुष्कळदा संडासालाच लागून असलेली खोली, बाहेर रांग, आणि कडी वाजवून ‘हो गया क्या?’ विचारणारा अटेंडंट. खाजगी केंद्रात एसी, सोफा आणि टीव्ही. दोन्हीकडे काही पुरुषांना जमतच नाही. ते घरून आणायची परवानगी मागतात. तासाभरात, अंगाच्या उबेला धरून आणायची, ही अट. मेट्रोत शर्टाच्या आत बाटली धरून उभा असलेला माणूस कुणाला दिसत नाही, पण असतो.

नमुना अर्धा तास ठेवला की पातळ होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली, चौकटी आखलेल्या काचेवर, मोजणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी पुस्तिकेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीतल्या किमान मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले ४२ टक्के हलणारे, ३० टक्के पुढे सरकणारे, आणि आकाराने नीट असलेले निव्वळ ४ टक्के. हा शेवटचा आकडा वाचून भल्याभल्यांना घाम फुटतो. ‘९६ टक्के खराब’ असा रिपोर्ट घेऊन माणूस घरी येतो, आणि तो नॉर्मल असतो.

या मर्यादा आल्या कुठून? वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यांतल्या तळाच्या पाच टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे रेघेखालचेही बाप झालेलेच होते. रेघेच्या वर असणं ही हमी नाही आणि खाली असणं ही शिक्षा नाही. एका रिपोर्टवरून निर्णय घ्यायचा नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. प्रत्येक क्लिनिकमध्ये मात्र नाही.

दिल्लीत तर दुसऱ्या तपासणीला खास कारण आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे नळीतून प्रवास करून बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी काही; एकूण तीन महिने धरायचे. म्हणजे आजचा नमुना तीन महिन्यांमागच्या शरीराची बातमी देतो. पावसाळा सरता सरता इथे डेंग्यू येतो, ऑक्टोबरात घराघरात एकशे तीन ताप. त्या तापातून उठलेल्या माणसाचा काउंट डिसेंबरात पडलेला दिसला तर त्यात नवल काही नाही. मार्चमध्ये तो आपोआप वर येतो. मधल्या काळात डॉक्टरने ‘ताप आला होता का?’ एवढं विचारलं नाही, तर त्याच रिपोर्टवर थेट आयव्हीएफचं पॅकेज निघतं.

उभं राहून

वृषण शरीराबाहेर लटकतात ते उगीच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावं लागतं. या थंडाव्यात बिघाड करणारं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे व्हेरिकोसील, वृषणाकडून वर जाणाऱ्या शिरा फुगणं. शंभर पुरुषांत सुमारे १५ जणांना ते असतं. मूल होत नाही म्हणून आलेल्या शंभरांत ३५ ते ४० जणांना. बहुतेकदा डावीकडे, कारण डावी शीर सरळ मोठ्या शिरेला न मिळता काटकोनात मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते आणि तिथे दाब साचतो. रक्त खाली तुंबतं, उष्णता वाढते, ऑक्सिडेशनचा ताण वाढतो.

हे शोधायला यंत्र लागत नाही. खोली उबदार हवी, रुग्णाला उभं करायचं, हाताने चाचपायचं, मग जोर करून खोकायला सांगायचं. आडवं झोपवलं की शिरा रिकाम्या होतात आणि हाताला काही लागत नाही. एवढ्याशा तपासणीला मूत्रविकार किंवा पुरुष-प्रजननाचा तज्ज्ञ लागतो, आणि वंध्यत्वाचं बहुतेक काम चालतं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या केंद्रात. तिथे पुरुषाचा कागद तपासला जातो, पुरुष नाही. विजार उतरवायला न लागल्याचा आनंद त्यालाही असतोच.

याचा अर्थ प्रत्येक फुगलेली शीर कापावी असा मुळीच नाही. व्हेरिकोसील असलेले बहुसंख्य पुरुष आरामात बाप होतात. फक्त सोनोग्राफीत दिसणारी, हाताला न लागणारी शीर बांधून फायदा होत नाही. शीर हाताला लागते, काउंट कमी आहे आणि बायकोच्या वयाला थोडा अवधी आहे, अशा वेळी दुर्बिणीखाली केलेली लहानशी शस्त्रक्रिया कामाची ठरते, आणि फळ दिसायला पुन्हा तेच तीन ते सहा महिने. बायकोचं वय अडतीस असेल तर हे महिने कुठून आणायचे, हा हिशोब मात्र दोघांना मिळूनच करावा लागतो.

दंड आणि इंजेक्शन

शरीर कमावण्याचा नाद दिल्लीच्या कडेच्या गावांत जुना आहे. असोला-फतेहपूर बेरी हे गाव तर राजधानीतल्या पब-क्लबांना बाउन्सर पुरवणारं म्हणून प्रसिद्ध. तिथली तालीम आखाड्याची, दूध-बदाम आणि दंड-बैठकांची. शहरी जिमला इतका वेळ नसतो. लग्न ठरलंय, चार महिन्यांत छाती दिसली पाहिजे. मग प्रोटीनच्या डब्याशेजारून ‘टेस्टो’ची कुपी सरकते. तिला ‘कोर्स’ किंवा ‘सायकल’ म्हणतात, म्हणजे औषध घेतोय असं वाटतच नाही.

पुरुषी संप्रेरक बाहेरून घेतलं की पुरुषपण वाढेल, हा तर्क सरळ वाटतो आणि साफ उलटा पडतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडून वृषणाला कामाला लावते. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसलं की हेडऑफिसला वाटतं गोदाम भरलेलं आहे, ऑर्डर थांबते. वृषणाच्या आत शुक्राणू घडायला रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते तिथेच बनावं लागतं, आणि तेच बंद पडतं. बाहेर दंड फुगतात, आत वृषण आक्रसतात.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने त्यातून पुरुषांसाठी गर्भनिरोधक बनवता येईल का, हे तपासलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात देशांतल्या २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं. १५७ जणांचा काउंट शून्यावर आला. जिममधला पोरगा पैसे मोजून जे टोचून घेतो ते हेच, आणि पुष्कळदा याहून जास्त.

बंद केल्यावर बहुतेकांचं यंत्र पुन्हा सुरू होतं, पण काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागते, आणि काहींचं पूर्ववत होत नाही. तज्ज्ञ वृषणाला जागं करणारी वेगळी औषधं देतात. खरी पंचाईत दुसरीच. थकवा, इच्छा कमी, म्हणून चाळिशीकडे झुकलेला नोकरदार डॉक्टरकडे जातो, रक्त तपासतो, टेस्टोस्टेरॉन थोडं कमी निघतं, आणि डॉक्टरच ते लिहून देतो. ‘मूल हवंय का?’ हा प्रश्न चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायचा असतो.

वजन हाही याच गोष्टीचा दुसरा पदर. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, आणि हेडऑफिसकडे पुन्हा चुकीचा निरोप जातो. तंबाखू, गुटखा, रोजची दारू यांचं निराळं सांगायला नको. मधुमेह नसा बिघडवतो. काहींत वीर्य बाहेर येण्याऐवजी मागे मूत्राशयात जातं. केस गळतीवरच्या फिनास्टेराइडने काही जणांचा काउंट उतरतो आणि गोळी थांबवली की सुधारतो. हे सगळं पाच मिनिटांच्या गप्पांत कळतं. ती पाच मिनिटं कुणी देत नाही.

भट्टीजवळ

करोलबागेच्या आणि चांदणी चौकातल्या कूचा महाजनीच्या गल्ल्यांत वरच्या मजल्यावरून मराठी ऐकू आलं तर दचकू नये. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गलाईचा धंदा करतात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायची. दुष्काळी भागातून निघालेली ही मुलं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात सोळा-सतराव्या वर्षी येतात, भट्टी शिकतात, गावाकडे लग्न होतं, बायको कधी इथे तर कधी तिथे.

काम उकाड्याचं. लहानशी खोली, मूस लाल झालेली, सोन्यातली भेसळ काढायला तेजाब, त्याचा पिवळट तपकिरी धूर. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत शिसं घालतात. ते मळ ओढून घेतं आणि त्यातलं काही वाफेत जातं. पुरुषाच्या प्रजननक्षमतेच्या दृष्टीने पाहिलं तर वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेल्या दोन शत्रूंची, उष्णतेची आणि शिशाची, इथे एकाच टेबलावर गाठ पडते. बॅटरी कारखान्यांतल्या कामगारांत शिशाचा शुक्राणूंवरचा परिणाम पुष्कळ अभ्यासला गेला आहे. तंदूरवर उभा राहणारा, वेल्डिंग करणारा, मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेवर बारा तास बसणारा ट्रकवाला, हे सगळे त्याच रांगेतले. दिल्लीतली पुष्कळशी मेहनतीची कामं आगीपाशी चालतात, आणि तपासणीच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘प्रायव्हेट जॉब’ लिहिलेलं असतं.

व्यवसाय विचारणं किती मोलाचं असतं याचं जुनं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. १९७७ साली लॅथ्रॉप इथल्या एका रासायनिक कारखान्यात, डीबीसीपी हे कृमिनाशक बनवणाऱ्या विभागातल्या कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. ते स्वतःहून तपासणीला गेले. अनेकांत शुक्राणू नव्हते किंवा नगण्य होते. दोन वर्षांत अमेरिकेने त्या रसायनावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. शोध लागला तो कामगार आपसांत बोलले म्हणून. गलाईच्या दुकानात असं बोलणं होणं अवघड; दुकान मामाचं असतं.

भट्टी सोडता येत नाही, पण धूर ओढणारी चिमणी बसवता येते, रक्तातलं शिसं तपासता येतं, काम वाटून घेता येतं. एवढं विचारलं तरी पुष्कळ. त्यामानाने घट्ट चड्डी आणि मांडीवरचा लॅपटॉप, ज्यावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या रकानेच्या रकाने भरतात, ही किरकोळ प्रकरणं.

नोव्हेंबरची हवा

दिवाळी आणि धूर ही दिल्लीत एकाच आठवड्याची गोष्ट. तेव्हा प्रश्न येतोच: ही हवा पुरुषांचं काय करते? चीनच्या ३४० शहरांतल्या ३३,८७६ पुरुषांच्या नमुन्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सूक्ष्म धूलिकण जास्त तिथे शुक्राणूंची हालचाल कमी दिसली. डेन्मार्कमधल्या २०२४च्या मोठ्या पाहणीत त्याच धूलिकणांचा पुरुषांतल्या वंध्यत्वाशी संबंध आढळला, आणि डेन्मार्कची हवा म्हणजे दिल्लीकराने सुट्टी काढून घ्यावी अशी. संबंध आहे, पण एका माणसाच्या रिपोर्टवर बोट ठेवून ‘हे हवेनं झालं’ म्हणता येत नाही. परिणाम लोकसंख्येवर दिसतो, एकेकावर तो लहान असतो.

जगभर शुक्राणू घटताहेत का, हा वादही असाच. डेन्मार्कच्या स्काकेबेक यांच्या गटाने १९९२ साली ही घंटा वाजवली. २०१७ आणि २०२२च्या लेव्हिन यांच्या विश्लेषणांनी १९७३पासून घनता निम्म्यावर आल्याचं मांडलं. जुन्या प्रयोगशाळांची मोजणी आणि आजची मोजणी एका तराजूत घालता येते का, असा आक्षेप घेणारेही तोलामोलाचे आहेत. मुनिरक्यात रांगेत उभ्या माणसाला या वादाचा उपयोग शून्य. एम्सच्या शरीररचनाशास्त्र विभागातल्या डॉ. रीमा दादा यांच्या गटाचं काम त्याच्या जास्त जवळचं आहे: शुक्राणूंमधल्या डीएनएची मोडतोड, तिच्यामागचा ऑक्सिडेशनचा ताण, आणि योग व राहणीत बदल केल्याने तो किती उतरतो, हे त्यांनी मोजलं. ‘तमाखू सोडा’ या सल्ल्याला सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा मिळाला, तर तो थोडा जास्त ऐकला जातो.

निल

काही रिपोर्टांवर आकडाच नसतो. शंभर पुरुषांत एकाच्या वीर्यात शुक्राणू नसतात. वंध्यत्वासाठी आलेल्यांत दहा ते पंधरा टक्क्यांच्या. भिंतीवरचा ‘निल शुक्राणु’ हाच. पण निल हे निदान नाही, ती तक्रार आहे. कारखाना बंद आहे की रस्ता, हे आधी ठरवायचं.

रस्ता बंद असेल तर वृषण आकाराने चांगले असतात, एफएसएच नॉर्मल असतं. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक कारण. फुफ्फुसाप्रमाणे तो कधी कधी शुक्राणुनलिकेतही गाठी करतो. काहींना जन्मतःच शुक्रवाहिनी नसते. वीर्य थोडं, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोजविरहित निघतं, आणि तज्ज्ञाच्या बोटांना ती दोरी लागतच नाही. यामागे बहुधा सीएफटीआर जनुकातला दोष असतो, म्हणून बायकोचीही तीच तपासणी करतात; दोघांत दोष असला तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस होण्याची भीती. नसबंदी केलेला आणि नंतर मूल गेलेला किंवा पुन्हा लग्न झालेला पुरुषही इथेच येतो. दुर्बिणीखाली नस जोडता येते; वर्षं जितकी कमी लोटली तितकं यश जास्त.

कारखाना बंद असेल तर एफएसएच चढलेलं, वृषण लहान. लहानपणी खाली न उतरलेला वृषण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने उतरवायचा असतो. ‘मोठा झाला की उतरेल’ असं म्हणत आजी वाट पाहते. वयात आल्यावर झालेलं गालगुंड वृषणापर्यंत जातं. राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. सहा-सातशे मुलग्यांत एक जास्तीचं एक्स गुणसूत्र घेऊन येतो, आणि त्यातल्या अनेकांना ते मूल होत नाही तेव्हाच कळतं. काहींत वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असतो, तो कुठला हे कळणं मोलाचं: ए किंवा बी भाग पूर्ण गेला असेल तर वृषणातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया व्यर्थ, सी गेला असेल तर आशा आहे. एका रक्ततपासणीने एक शस्त्रक्रिया वाचते.

एक पुरतो

ब्रसेल्समध्ये एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भ राहिल्याचं १९९२ साली प्रसिद्ध झालं आणि पुरुषांच्या वंध्यत्वाचं चित्रच पालटलं. या तंत्रामुळे, म्हणजे इक्सीमुळे, जे बाप होऊच शकले नसते ते झाले. याचं श्रेय काढून घेण्याचं कारण नाही. पण तिचा एक दुष्परिणाम झाला. एक पुरत असेल तर बाकीचे का नाहीत, हे विचारायची गरज उरली नाही. काउंट कमी? इक्सी. हालचाल कमी? इक्सी. शीर फुगलेली, जिमचा कोर्स, भट्टीतलं शिसं, सगळ्यावर उत्तर एकच, आणि ते लाखाच्या घरातलं. त्यासाठी इंजेक्शनं कुणी घ्यायची? तर बायकोने, दहा-बारा दिवस रोज पोटात. नवऱ्याच्या कारणासाठी भूल तिला.

वाय गुणसूत्रातली ती तूट इक्सीने झालेल्या मुलग्याकडेही जाते, हे सांगणं समुपदेशनात मोडतं. आणि कमी काउंट हा कधी कधी इतर आजारांचा पहिला सुगावा असतो: पियुषिकेची गाठ, वृषणाचा कर्करोग, न कळलेला मधुमेह. तपासलंच नाही तर तेही राहतं.

जिथे स्वतःचा एकही मिळत नाही तिथे दात्याचा प्रश्न येतो. २०१२ साली ‘विकी डोनर’ने हा विषय दिल्लीच्याच पार्श्वभूमीवर घराघरात नेला, त्यातला पंजाबी मुलगा पन्नासांवर मुलांचा बाप होतो. दिल्लीने १९९५ सालीच कृत्रिम रेतनाचा स्वतंत्र कायदा करून वीर्यपेढ्यांना नोंदणी आणि दात्याची एचआयव्ही तपासणी सक्तीची केली होती. २०२१च्या केंद्रीय कायद्यानंतर दाता २१ ते ५५ वर्षांचा हवा, तो नोंदणीकृत पेढीतूनच यायला हवा, आणि एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला देता येतं. ओळखीतून ‘भावाचंच घेऊ’ म्हणणाऱ्या सासऱ्यांची तिथे अडचण होते. होणारं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच. दात्याला हक्क नाही. संमतिपत्रावर दोघांच्या सह्या लागतात, आणि इतके दिवस बाहेरच्या बाकावर बसलेल्या नवऱ्याला त्यासाठी आत बोलावलं जातं.